वाचकांचे प्रश्न : ज्यू कौन्सिल, याद्या आणि मदतीची ऑफिसं

मागच्या अंकात दुसऱ्या महायुद्धातल्या नेदरलँड्सबद्दल लिहिलं होतं. मुख्य विषय अ‍ॅमस्टरडॅमची ज्यू कौन्सिल, म्हणजे जर्मनांनी देश ताब्यात घेतल्यावर ज्यू समाजाशी व्यवहार करायला जी एक अधिकृत संस्था उभी करायला लावली ती. त्यावर ढीगभर पत्रं आली, सगळी घेणं शक्य नाही म्हणून मिळतेजुळते प्रश्न एकत्र केलेत. पहिल्याचं उत्तर फार लांबलंय, चालवून घ्या.

प्रश्न : कौन्सिलमध्ये सगळे ज्यूच होते ना, मग आपल्याच माणसांच्या याद्या शत्रूच्या हातात दिल्याच कशा? आमच्याकडे यावर दोन दिवस वाद चाललाय, माझ्या मते ते सरळसरळ फितूर होते.

उत्तर : फितूर असते तर प्रश्न सोपा होता हो, पैसे खाल्ले आणि माणसं विकली, विषय संपला. पण कौन्सिलचे दोन अध्यक्ष बघा कोण होते. अब्राहम आशर हे हिऱ्यांचे मोठे कारखानदार, समाजात वजन असलेला माणूस, आणि डेव्हिड कोहेन प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक, ज्यांनी 1933 पासून जर्मनीतून पळून आलेल्या ज्यूंसाठी निर्वासित समिती चालवली होती, हजारो लोकांच्या राहण्याजेवणाची, व्हिसाची सोय केली होती. लोकांचा यांच्यावर विश्वास होता तो उगाच नव्हता. आणि नेमकं तेच जर्मनांना हवं होतं असं मला वाटतं, ज्याच्या सांगण्यावरून लोक रांगेत उभे राहतील असा माणूस.

कौन्सिल झाली फेब्रुवारी 1941 मध्ये. डच नाझी पक्षाची टोळकी ज्यू वस्तीत घुसून मारहाण करत होती, ज्यू पोरांनी उलट दणका दिला, त्यात त्यांचा एक जण जबर जखमी होऊन पुढे मेला, आणि जर्मनांनी वस्ती बंद करून वर 'शांतता राखायला' एक प्रतिनिधी मंडळ पाहिजे म्हणून हुकूम काढला. 22 आणि 23 तारखेला धाड घालून चारशेच्या वर ज्यू तरुण उचलले. शहरात 25 आणि 26 तारखेला मोठा संप झाला, ट्राम बंद, गोदी बंद, ज्यू नसलेल्या कामगारांनी केलेला संप बरं का, आणि तो गोळ्या घालून मोडला. त्या तरुणांपैकी बहुतेकांना शेवटी माउथहाउझेनच्या छळछावणीत पाठवलं आणि मग घरोघरी मृत्यूच्या नोटिसा यायला लागल्या, एकामागून एक. जिवंत राहिले ते बोटावर मोजण्याइतके. तेव्हापासून माउथहाउझेन हे नाव नुसतं घेतलं तरी लोकांचे हातपाय गळायचे, आणि जर्मन ते नाव धमकी म्हणून वापरत राहिले.

आता यादीचं. जून 1941 मध्ये क्लाउस बार्बी नावाचा अधिकारी (पुढे फ्रान्समध्ये ल्यों शहरात कुप्रसिद्ध झाला तोच) कोहेनना भेटायला आला, एकदम सभ्यपणे. विरिंगरमेर भागात एक शेतीशाळा होती, जर्मनीतून आलेल्या ज्यू मुलांना शेतीकाम शिकवून पॅलेस्टाईनला पाठवायची, ती मार्चमध्ये रिकामी करून पोरांना अ‍ॅमस्टरडॅममध्ये घरोघरी ठेवलं होतं. बार्बी म्हणाला पोरांना परत जाऊ देतोय, पत्ते द्या. पत्ते दिले. 11 जूनला तीच यादी हातात घेऊन धाड पडली, जे घरी सापडले नाहीत त्यांच्याऐवजी दुसरे उचलले, मिळून साधारण 300 तरुण, आणि तेही माउथहाउझेनला. माझं स्पष्ट मत आहे की त्या दिवसानंतर एकही यादी जायला नको होती. पहिल्यांदा फसणं समजू शकतो.

पण याद्या गेल्या. कारण प्रत्येक वेळी हिशोब असा की आपण नाही केलं तर ते करतील आणि जास्त क्रूरपणे करतील, दगडापेक्षा वीट मऊ. एप्रिल 1942 च्या शेवटी ज्यूंनी कपड्यावर लावायची सक्ती असलेले पिवळे तारे वाटायचं काम कौन्सिलवर आलं, 569550 तारे, मुदत तीन दिवस, एका ताऱ्याला 4 सेंट आणि वर कापडाच्या रेशनचं कूपनही कापायचं! छळ सोसणाऱ्यानेच त्याचं बिल भरायचं. जुलैमध्ये 'जर्मनीत कामासाठी' बोलावणारी पत्रं सुरू झाली, ती निघायची 'ज्यू स्थलांतर केंद्र' असं गोंडस नाव असलेल्या जर्मन ऑफिसातून. अ‍ॅन फ्रँकच्या मोठ्या बहिणीला, मार्गोटला, 5 जुलैला आलेलं पत्र ह्यातलंच, ती 16 वर्षांची होती. लोक हजर होईनात म्हणून 14 जुलैला जर्मनांनी रस्त्यावरून 700 जण ओलीस धरले, आणि त्याच दिवशी कौन्सिलच्या साप्ताहिकाचा खास अंक निघाला की बोलावलेले 4000 लोक या आठवड्यात निघाले नाहीत तर या 700 जणांना छळछावणीत टाकतील. खाली सह्या आशर आणि कोहेन. पहिली गाडी 15 तारखेला निघाली.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते मात्र सवलतीच्या शिक्क्यांचं प्रकरण. कौन्सिलचे कर्मचारी आणि काही 'आवश्यक' लोक यांना ओळखपत्रावर शिक्का मिळायचा की तूर्तास यांना पाठवू नये, असे साधारण 17500 शिक्के कौन्सिलच्या वाट्याला आले. मग काय, नोकरीसाठी झुंबड, ओळखीपाळखी, वशिले, ऑफिसच्या दारात अक्षरशः ढकलाढकली. फेरीवाले, शिंपी, हिरे घासणारे कामगार, ज्यांची वर कुणाशी ओळख नाही, ते आधी गेले आणि शिकलेसवरलेले, चांगल्या घरातले मागे राहिले. आणि शिक्का शेवटी कुणालाच पुरला नाही. मे 1943 मध्ये कौन्सिलला सांगितलं तुमच्याच माणसांतून 7000 नावं काढा, त्यांनी काढायला घेतली, सांगितलेल्या दिवशी फारसं कुणी आलं नाही तेव्हा 26 मेला मोठी धाड पडली. सप्टेंबर 1943 च्या शेवटी खुद्द आशर आणि कोहेन यांनाही छावणीत पाठवलं आणि कौन्सिल बंद.

दुसरा रस्ता सांगणारा माणूस होता. लोडेवेक व्हिस्सर, सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष, ज्यू म्हणून पदावरून काढलेले. त्यांच्या समन्वय समितीचं म्हणणं असं की आम्ही डच नागरिक आहोत, आम्ही फक्त डच प्रशासनाशी बोलणार, जर्मनांशी वाटाघाटी करायच्याच नाहीत. तत्त्व म्हणून एकदम बरोबर. पण ज्या डच सचिवांकडे (डच सरकार लंडनला गेल्यावर मागे खाती सांभाळणारे अधिकारी) ते पुन्हा पुन्हा गेले त्यांनी काखा वर केल्या, समिती 1941 मध्येच बंद करायला लावली आणि फेब्रुवारी 1942 मध्ये व्हिस्सर वारले. तर तुमच्या वादाबद्दल माझं मत विचाराल तर, कौन्सिलने चुका केल्या आणि त्या जीवघेण्या होत्या, पण ज्यांच्या मानेवर सुरी नव्हती त्यांनी काय केलं हे आधी विचारा. जे पुढच्याच प्रश्नात आलंय.

प्रश्न : नेदरलँड्समध्ये जर्मन अधिकारी तसे मूठभरच होते म्हणता, मग लाखभर माणसं हलवण्याचं काम केलं कुणी?

उत्तर : रोज सकाळी वेळेवर ऑफिसला जाणाऱ्या लोकांनी. ऑक्टोबर 1940 मध्ये सरकारी नोकरांना 'मी ज्यू नाही' असा फॉर्म भरायला दिला, जवळजवळ सगळ्यांनी भरला, सर्वोच्च न्यायालयातल्या बहुतेकांनीसुद्धा. जानेवारी 1941 मध्ये ज्यूंची सक्तीची नोंदणी झाली, सुमारे 1 लाख 40 हजार ज्यू आणि शिवाय अर्धे किंवा पाव ज्यू मानलेले वेगळे. लोकसंख्या नोंदणी खात्याचे प्रमुख याकोब लेंट्स यांनी असं ओळखपत्र बनवलं होतं की त्याची नक्कल करणं महाकठीण, फोटो, बोटाचा ठसा, खास कागद. हा माणूस काही कट्टर नाझी नव्हता, आपलं काम परफेक्ट व्हावं एवढीच त्याला हौस, आणि मला विचाराल तर त्यामुळे तो जास्त भीतीदायक वाटतो. युद्धानंतर त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, फक्त तीन. अ‍ॅमस्टरडॅम महापालिकेने तर 1941 मध्ये नकाशा करून दिला, प्रत्येक ठिपका म्हणजे दहा ज्यू.

पुढे डच पोलीस धाडीत, शहराची ट्राम लोकांना रात्री स्टेशनपर्यंत न्यायला आणि डच रेल्वे तिथून वेस्टरबोर्कच्या छावणीपर्यंत आणि पुढे जर्मन सीमेपर्यंत. ट्राम आणि रेल्वे दोघांनीही याची बिलं लावली. वेस्टरबोर्कची गंमत, गंमत कसली, दैव म्हणा, ती छावणी मुळात डच सरकारनेच 1939 मध्ये ज्यू निर्वासितांसाठी बांधली होती आणि खर्च ज्यू समाजावर टाकला होता. जर्मनांना ती आयती मिळाली. जुलै 1942 पासून तिथून पूर्वेला, ऑशविट्झसारख्या मृत्युछावण्यांकडे, गाड्या सुटायला लागल्या, बराच काळ दर मंगळवारी. डच रेल्वेचा देशव्यापी संप झाला तो 17 सप्टेंबर 1944 ला, लंडनमधल्या डच सरकारच्या आदेशावरून, दोस्त सैन्याला मदत म्हणून. वेस्टरबोर्कहून शेवटची गाडी 13 सप्टेंबरला गेली होती.

आणि कमिशनवर काम करणारेही होते. हेनिका या माणसाच्या हाताखाली डच लोकांची टोळी होती, लपलेला ज्यू पकडून दिला की माणशी साडेसात गिल्डर (तेव्हाचं डच चलन). 1943 मध्ये काही महिन्यांत त्यांनी हजारो लोक पकडून दिले.

याच्या उलट, 27 मार्च 1943 ला काही कलाकार आणि विद्यार्थी पोलिसांच्या वेषात अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत घुसले आणि रेकॉर्डला आग लावली. आग विझवायला आलेल्यांनी मुद्दाम दमाने घेतलं आणि पाणी मात्र भरपूर मारलं, म्हणजे जळलं नाही ते भिजून खराब व्हावं. सगळं रेकॉर्ड नष्ट झालं नाही, साधारण 15 टक्के कार्डंच गेली, आणि त्यासाठी बारा जणांना गोळ्या घातल्या.

प्रश्न : मदतकार्याला पैसा कुठून यायचा? अमेरिकेतले ज्यू श्रीमंत होते, त्यांनी काहीच केलं नाही का?

उत्तर : केलं की. 'जॉइंट' नावाने ओळखली जाणारी अमेरिकन ज्यू संस्था 1914 पासून हेच काम करत होती, युद्धाआधी नेदरलँड्समधल्या निर्वासितांच्या खर्चातही तिचा मोठा हात होता. पण डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि शत्रूच्या ताब्यातल्या देशात डॉलर पाठवणं कायद्याने बंद. मग बऱ्याच ठिकाणी असं चाललं की तिथल्याच पैसेवाल्याकडून आत्ता उसने घ्यायचे, युद्ध संपल्यावर जॉइंट परत करेल या भरवशावर. लेखी कागद सापडला तर मरण, म्हणजे सगळं शब्दावर.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये जॉइंटचं काम बघायच्या गेरट्रूड व्हान टाइन, मूळच्या जर्मन. मे 1941 मध्ये जर्मनांनीच त्यांना लिस्बनला पाठवलं, जॉइंटच्या लोकांशी ज्यूंना बाहेर काढण्याबद्दल बोलायला. तटस्थ देश, समोर समुद्र, तिथेच राहता आलं असतं. त्या परत आल्या, कारण मागे राहिलेल्या लोकांचं काय. आणि परत आल्यावर काही आठवड्यांतच तो शेतीशाळेच्या मुलांचा प्रकार झाला, ती मुलं त्यांच्याच देखरेखीखालची. पुढे 1944 मध्ये बर्गन-बेल्सन छावणीतून कैद्यांच्या अदलाबदलीत त्या पॅलेस्टाईनला पोचल्या आणि कौन्सिलवर टीका करणारा रिपोर्ट लिहिला, स्वतः त्याच यंत्रणेत काम केलेलं असून.

ज्यूंचा स्वतःचा पैसा मात्र केव्हाच गेला होता. जर्मनांनी लिपमन-रोझेन्थाल या नामांकित ज्यू बँकेचं नाव उचललं आणि सारफाटीस्ट्राटवर तिची एक 'शाखा' उघडली. ऑगस्ट 1941 पासून ज्यूंनी आपले पैसे, शेअर्स तिथे ठेवायचे, मे 1942 पासून दागिने आणि चित्रंसुद्धा, आणि कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त 250 गिल्डर परत मिळणार. पावती मिळायची, पासबुकासारखा हिशोब यायचा, सगळं कसं खऱ्या बँकेसारखं. त्याच पैशातून वेस्टरबोर्क आणि फुख्त या छावण्यांचा खर्च निघाला.

दुसरी एक बँक होती जिला ऑफिसच नव्हतं. वालराव्हेन व्हान हाल हा बँकर, त्याने युद्धात अडकलेल्या खलाशांच्या कुटुंबांसाठी पैसे जमवायला सुरुवात केली आणि ते वाढत वाढत पूर्ण भूमिगत चळवळीची तिजोरी झालं, लपलेल्या ज्यूंचा खर्चही त्यातून जायचा. नंतर तर सेंट्रल बँकेतल्या खऱ्या सरकारी रोख्यांच्या जागी खोटे ठेवून कोट्यवधी गिल्डर काढले, आणि हिशोब इतका चोख ठेवला की युद्धानंतर जुळवता आला. त्यांना मात्र बघायला मिळालं नाही, फेब्रुवारी 1945 मध्ये हारलेममध्ये गोळी घातली.

प्रश्न : कौन्सिलच्याच माणसांनी लहान मुलं वाचवली असं वाचलं. हे कसं शक्य आहे?

उत्तर : खरं आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये होलान्से स्खाउबुर्ख नावाचं थिएटर होतं, तिथे पकडलेल्या लोकांना पुढे पाठवेपर्यंत कोंडून ठेवत, शेकडो माणसं, खुर्च्यांवर नाहीतर जमिनीवर झोपलेली. तिथला कौन्सिलचा माणूस वाल्टर झ्युसकिंड, जर्मनीतून आलेला निर्वासित, जर्मन अधिकाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत गप्पा मारणारा, सिगारेट, दारू पुढे करणारा. लहान मुलांचा गोंगाट नको म्हणून ती समोरच्या पाळणाघरात ठेवायची सोय झाली होती, आणि तिथेच फट सापडली. झ्युसकिंड आणि त्याचा सहकारी फेलिक्स हाल्व्हरस्टाट रजिस्टरमधून मुलाचं नाव गायब करायचे, पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल मूल शेजारच्या शिक्षक महाविद्यालयाच्या आवारातून बाहेर काढायच्या, तिथले प्राचार्य योहान व्हान हुल्स्ट मदतीला, आणि पुढे विद्यार्थ्यांचे गट ते मूल बॅगेत, टोपलीत, कसंही करून खेड्यात पोचवायचे. समोर पहारेकरी उभा असायचा, म्हणून मध्ये ट्राम आली की त्या आडोशाने निघायचं. अशी साधारण 600 मुलं वाचली. आईबापांना आधी विचारावं लागायचं, तेही थिएटरमध्ये कोंडलेले असताना, की तुमचं मूल आम्हाला द्याल का, कुठे ठेवणार ते सांगता येणार नाही. बऱ्याच जणांनी नाही म्हटलं. कोण त्यांना नावं ठेवणार.

पिमेंटेल ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या, झ्युसकिंडची बायको आणि मुलगीही तिथेच, तो स्वतः फेब्रुवारी 1945 मध्ये गेला. व्हान हुल्स्ट 107 वर्षं जगले, 2018 मध्ये वारले.

म्हणजे बघा, तेच ऑफिस, तीच कार्डं. कौन्सिल बाहेरून बंद पाडली असती तर कदाचित जास्त लोक लपले असते असं म्हणणारे इतिहासकार आहेत आणि मलाही तसं वाटतं, पण मग ही मुलं? दोन्ही एकदम खरं आहे, काय करणार.

प्रश्न : रेड क्रॉस कुठे होती?

उत्तर : डच रेड क्रॉसने डच ज्यूंसाठी फार काही केलं नाही, 2017 मध्ये त्यांनी स्वतः नेमलेल्या संशोधनानंतर तशी जाहीर माफी मागितली. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय समितीने ऑक्टोबर 1942 मध्ये जाहीर निवेदन काढायचं की नाही यावर बैठक घेतली आणि काढायचं नाही ठरवलं. बस, एवढंच उत्तर आहे.

प्रश्न : शेजारच्या बेल्जियममध्ये पण कौन्सिल होती ना, तिथे पण असंच झालं का?

उत्तर : होती, पण तिथे जुलै 1942 मध्येच ज्यू क्रांतिकारकांनी ब्रुसेल्समधल्या ऑफिसात घुसून कार्डांना आग लावली. शिवाय 1942 मध्ये भूमिगत संरक्षण समिती उभी राहिली, जिचे काही लोक दिवसा कौन्सिलमध्ये कामाला आणि बाकी वेळ मुलं लपवायला. नेदरलँड्समधले सुमारे 75 टक्के ज्यू मारले गेले, बेल्जियममध्ये 40 ते 45 टक्क्यांच्या आसपास. फक्त कौन्सिलमुळे हा फरक पडला असं समजू नका. बेल्जियम लष्करी प्रशासनाखाली होतं आणि नेदरलँड्समध्ये हिटलरने नेमलेल्या झाइस-इन्क्वार्टचं नाझी नागरी सरकार, एसएसचा, म्हणजे नाझींच्या खास सशस्त्र दलाचा, जोर जास्त. बेल्जियममधले बहुतेक ज्यू बाहेरून आलेले, त्यांचा सरकारी कागदावर आधीपासूनच विश्वास नव्हता. डच ज्यूंचा होता.

प्रश्न : जे परत आले त्यांचं पुढे काय झालं?

उत्तर : 1 लाख 7 हजार पाठवले, साधारण 5 हजार परत आले. घरात दुसरेच लोक राहत होते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये काहींना तर महापालिकेने जागेचं भाडं थकलं म्हणून दंडासकट बिल पाठवलं, म्हणजे माणूस छावणीत असतानाच्या काळाचं! हे प्रकरण कित्येक वर्षांनी कागदपत्रांतून बाहेर आलं आणि 2016 मध्ये महापालिकेने 1 कोटी युरो ज्यू समाजासाठी द्यायचं ठरवलं. डच रेल्वेने 2005 मध्ये माफी मागितली, वैयक्तिक भरपाई 2019 मध्ये, सरकारची माफी 2020 मध्ये पंतप्रधान रुट यांनी.

अनाथ मुलांचा प्रश्न सगळ्यात अवघड झाला. मुलांचं भवितव्य ठरवायला 1945 मध्ये सरकारी आयोग नेमला, त्यावर मुलं लपवणाऱ्या भूमिगत चळवळीतलेच लोक, आणि त्यातल्या काहींचं म्हणणं की मूल आता ख्रिश्चन घरात रुळलंय, तिथेच राहू दे. जीव धोक्यात घालून मूल वाचवणारा माणूस आणि जिवंत उरलेला काका समोरासमोर उभे, यात बाजू घेणं मला तरी जमत नाही.

आशर आणि कोहेन दोघं जिवंत परतले. 1947 मध्ये ज्यू समाजाच्या मान-न्यायमंडळाने त्यांना समाजातल्या पदांपासून दूर ठेवण्याचा निकाल दिला, सरकारी खटला मात्र शेवटपर्यंत उभा राहिला नाही. आशर 1950 मध्ये गेले, कोहेन 1967 मध्ये. स्थलांतर केंद्राचा प्रत्यक्ष कारभार बघणारा जर्मन अधिकारी आउस डेर फ्युन्टेन, आधी फाशी मग जन्मठेप, 1989 मध्ये सुटला.

प्रश्न : मूळ कागदपत्रं सामान्य माणसाला बघता येतात का? डच येत नाही.

उत्तर : येतात. कौन्सिलच्या कार्डांचा संग्रह टिकलाय, लाखाच्या वर कार्डं, युद्धानंतर रेड क्रॉसने हरवलेल्या माणसांचा शोध घ्यायला तीच वापरली. जर्मनीतल्या आरोल्सन आर्काइव्हज या अभिलेखागाराच्या संग्रहात नावाने फुकट ऑनलाइन शोध घेता येतो, आणि 'ज्यू मॉन्युमेंट' या डच डिजिटल स्मारकावर मारल्या गेलेल्या एक लाखाहून जास्त लोकांचं प्रत्येकी वेगळं पान आहे, शेवटच्या पत्त्यासकट, आणि इंग्रजीतही दिसतं. शोधताना एक लक्षात ठेवा, डच आडनावात पुढे 'व्हान' किंवा 'दे' असेल तर ते सोडून पुढच्या शब्दाने शोधा. कार्डावर तारखेच्या शेजारी वेस्टरबोर्कची नोंद दिसली तर ती बहुतेक वेळा छावणीत पोचल्याची असते, तिथून पुढच्या गाडीची तारीख वेगळी लिहिलेली सापडते.